जेवण बरं असतं

आमच्या घराण्यात कौतुकाची शिडी दोनच पायऱ्यांची. खालची पायरी म्हणजे गप्प बसणं आणि वरची म्हणजे 'बरं'. त्याच्या वर काही नाही. मी शाळेत पहिला आलो तेव्हा वडील म्हणाले, "बरं झालं." त्या संध्याकाळी आईने शेजारी जाऊन सांगितलं की आज हे फार बोलले. पुढे मी आपलं आपण लग्न ठरवलं आणि मुलीला दाखवायला घरी आणलं. ती जायला निघाली, दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होती, तेवढ्यात आतून वडिलांचा आवाज आला, "बरी आहे." आम्हा भावंडांचे डोळे पाणावले. तिचेही पाणावले, पण ते वेगळ्या कारणाने. या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. अजूनही कुठलंही भांडण निघालं, अगदी पंख्याच्या वेगावरून निघालं, तरी तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मी काय बाई, नुसती बरी!"

अशा घरातल्या माणसाला हॉटेलांबद्दल लिहिण्याचं काम कसं मिळालं, हे मला अनेकांनी विचारलंय. आधी मी त्याच वर्तमानपत्रात निधनवार्ता लिहायचो. तिथे मेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ असतो. संपादक म्हणाले, "मेलेल्यांबद्दल इतकं चांगलं लिहितोस, हॉटेलांबद्दलही जमेल." जमलं. रविवारच्या पुरवणीत माझं 'चवीपुरतं' नावाचं सदर सुरू झालं आणि गेली अकरा वर्षं मी 'अप्रतिम', 'लाजवाब', 'जिभेवर रेंगाळणारं' हे शब्द लग्नात अक्षता टाकाव्यात तसे टाकत आलोय. कुणाला लागत नाहीत, कुणी वेचत नाही. ती माझी कामाची भाषा. घरची भाषा वेगळी.

आणि मी जेवायचो घरच्या भाषेत. म्हणजे वहिनींकडे.

जमीन मोजणीच्या कचेरीमागे वहिनींची, म्हणजे सगळ्या गावाच्या वहिनींची, खाणावळ होती. सहा टेबलं, एक फळा, आणि स्वयंपाकघराच्या दाराला पडद्याऐवजी एक जुनी चादर. फळ्यावर 'आज' असं लिहिलेलं कायमचं, आणि त्यापुढे त्या दिवशीचे तीन पदार्थ. सूप, एक भाजी, एक मासा किंवा मटण. पाव हवा तितका. वहिनींचे यजमान गेल्यापासून त्यांचा धाकटा दीर वाढायला असायचा. वहिनी त्याला भावोजी म्हणायच्या, म्हणून अख्खी गल्ली त्याला भावोजी म्हणायची, त्यात त्याच्याहून वीस वर्षांनी मोठे कचेरीतले साहेबही आले. माझं नाव त्याने सदरावरून 'चवीपुरते' असं पाडलं होतं.

"या चवीपुरते. बाहेर पुष्कळ खोटं लिहून आलात का? बसा, आता खरं खा."

वहिनींचं भाजलेलं वांगं म्हणजे काय होतं, हे मी लिहून सांगू शकत नाही, आणि मी ते लिहायला गेलो म्हणूनच पुढचं सगळं झालं. थेट जाळावर वांगं काळंठिक्कर होईपर्यंत भाजायचं, साल काढायची, लसूण, तेल, मीठ. एवढंच. पण त्या धुराचा वास खाताना नाकात नाही, कुठेतरी मानेमागे यायचा.

अर्धं जेवण झालं की वहिनी चादर बाजूला करून दारात यायच्या, हात पदराला पुसत. विचारायच्या, "कसं?" मी म्हणायचो, "बरं." त्या मान हलवून आत जायच्या. अठरा वर्षं आमचं संभाषण एवढंच. एकदाच, फक्त एकदाच, मी म्हणालो, "छान झालंय." त्या दिवशी सूपात मीठ पडलं नव्हतं आणि मला ते बोलवेना. वहिनी पुढे आल्या, माझा वाडगा उचलला, आत नेऊन चाखला, आणि दहा मिनिटांनी दुसरं सूप आलं. कपाळावर आठी होती. "सरळ सांगत जा की, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

मग कचेरी हलली. मोजणीवाल्यांना गावाबाहेर काचेची नवी इमारत मिळाली, आत त्यांचं स्वतःचं उपाहारगृह. दुपारी ऐंशी पानं उठायची तिथे नऊ उठू लागली. त्यातलं एक माझं. त्या नवांतले दोघं तर सेवानिवृत्त, फक्त सूप घेऊन पेपर वाचत बसणारे.

त्याच सुमारास टेकडीपलीकडच्या द्राक्षमळ्यांवर सहली निघू लागल्या. एक माणूस आठवड्यातून दोनदा बस भरून लोकांना न्यायचा, तीन मळ्यांवर वाइन चाखवायचा आणि येताना गावात 'अस्सल स्थानिक' ठिकाणी जेवायला थांबवायचा. सहलवाला हेच त्याचं नाव पडलं. बस कुठे थांबवायची हे तो आमच्या पुरवणीत हॉटेलांना दिलेल्या ताऱ्यांवरून ठरवी. तीन तारे किंवा वर. दोनला बस थांबत नाही.

एका दुपारी वहिनी दारात आल्या, पण "कसं?" म्हणाल्या नाहीत. समोरच्या खुर्चीवर बसल्या. अठरा वर्षांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"भाऊ, तुम्ही आमच्याबद्दल कधी लिहिलं नाहीत."

"गर्दी होईल म्हणून," मी म्हणालो. खरं तेच होतं. मला माझं टेबल हवं होतं.

"आता झाली तर बरं होईल. ती बस आली तर चालेल हे. नाहीतर हंगाम संपला की बंद करायचं ठरवलंय आम्ही."

मागून भावोजी म्हणाले, "आम्ही म्हणजे वहिनींनी. मी फक्त टेबलं पुसतो."

त्या रात्रभर मी लिहिलं असं नाही. संध्याकाळी सातपर्यंत संपलं. पण अकरा वर्षांत इतकं जपून काही लिहिलं नव्हतं. एकही 'अप्रतिम' नाही. जो शब्द मी शहरातल्या प्रत्येक पिवळ्या दिव्याच्या हॉटेलाला वाटला होता, तो वहिनींच्या ताटात कसा टाकू? काळं वांगं लिहिलं, चादर लिहिली, फळा लिहिला. आणि शेवटच्या ओळीला आलो तेव्हा माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं ओतलं. लिहिलं: 'जेवण बरं असतं.'

बायकोला वाचून दाखवलं. तिने शेवटची ओळ ऐकली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"अहो, ही ओळ बदला."

"का?"

"मी दाराशी नाडी बांधत ऐकलीय ती ओळ. मला विचारा काय होतं ते."

"वहिनींना कळेल."

"वहिनी बस चालवतात का?"

मी ऐकलं नाही. वडिलांचा मुलगा शेवटी.

रविवारी पुरवणी उघडली. लेख जसाच्या तसा होता, काना मात्रा हललेली नव्हती. आणि वर, मथळ्याशेजारी, दोन तारे. दोन भरलेले, तीन पोकळ.

तारे आमच्याकडे लेखक देत नाही. नव्या उपसंपादिकेने एक तक्ता केला होता. अप्रतिम, लाजवाब: पाच. उत्तम: चार. छान, चांगलं: तीन. बरं, ठीक: दोन. पोट भरतं: एक. लेखातलं शेवटचं विशेषण बघायचं आणि तारे द्यायचे, म्हणजे कुणाच्या लहरीवर काही राहत नाही. तक्ता बैठकीत सर्वानुमते मंजूर झाला होता. त्यावर माझीही सही आहे. त्या दिवशी बैठकीतली बिस्किटं चांगली होती.

सोमवारी मी खाणावळीत शिरलो तेव्हा भावोजी फळा पुसत होते.

"या, दोनतारे," ते म्हणाले. "आभाळ आलं होतं का हो? बाकीचे दिसले नाहीत?"

"भावोजी, मी..."

"नाही, माझं काही नाही. मी अंगणात झोपतो, मला तारे पुष्कळ."

वहिनी बाहेर आल्या. पुरवणी त्यांच्या हातात होती, चार घड्या घातलेली. "गप्प बसा हो," त्या दिराला म्हणाल्या. मग मला, "तुम्ही काय लिहिलंत ते मला कळलं, भाऊ. दोनदा वाचलं." त्यांनी पुरवणीला आणखी एक घडी घातली. "पण बसवाल्याला कळणार नाही."

मी जेवलो. त्यांनी विचारलं, "कसं?" मी म्हणालो, "बरं." भावोजींनी दोन बोटं वर केली.

तिथून थेट संपादकांच्या खोलीत. उपसंपादिकाही तिथेच होती, तक्त्याला पारदर्शक कागद लावत.

"सर, 'बरं' म्हणजे दोनच," ती नम्रपणे म्हणाली. "तुम्हीच सही केलीय."

"माझ्या घरी 'बरं' म्हणजे पाच."

"तसा घरगुती तक्ता आपल्याकडे नाही, सर."

संपादक सज्जन माणूस. त्यांना सगळ्यांचं पटतं, हाच त्यांचा दोष. म्हणाले, "शुद्धिपत्र छापू. पण नियम माहितीय ना? एक अक्षर, एखादा काना, मात्रा. छापताना अक्षर गळतं. मत गळलं असं कधी होत नाही."

"एका अक्षरात काय होणार?"

त्यांनी डोळे मिटले, पेन्सिल हनुवटीला लावली. "च," ते म्हणाले. "एक च घाल. 'बरं' नाही, 'बरंच'. च आला की जोर येतो. मी येतो निराळं आणि मीच येतो निराळं. खरं निराळं, खरंच निराळं. 'जेवण बरंच असतं!' वा. ठणकावून सांगितल्यासारखं होतं."

त्या वेळी खोलीत तीन माणसं होती. तिघांच्या मिळून पाच पदव्या, त्यातल्या दोन याच भाषेतल्या. तिघांनाही ते वाक्य आवडलं.

पुढच्या रविवारी छापून आलं: 'गेल्या अंकात "जेवण बरं असतं" असे प्रसिद्ध झाले आहे. ते "जेवण बरंच असतं" असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' तक्त्यात 'बरंच' नसल्यामुळे उपसंपादिकेने तारे काढून टाकले आणि पुढे कंसात शेरा दिला: 'प्रमाण भरपूर'.

बायकोने सकाळी चहा पिताना मोठ्याने वाचलं आणि कप खाली ठेवला. "जेवण बरंच असतं," ती पुन्हा म्हणाली. "म्हणजे उरतं का हो?"

मंगळवारी दुपारी वजन उचलणाऱ्यांचा संघ आला. जवळच कुठेतरी त्यांची स्पर्धा होती. चौदाजण आणि एक प्रशिक्षक. प्रशिक्षकाच्या हातात कात्रण होतं. मी माझ्या टेबलाशी होतो, तो उठून मला म्हणाला, "काका, जरा सरकता?" मी सरकलो. मग परत सरकलो. शेवटी मी आणि सूपवाले दोघे निवृत्त बाहेर पायरीवर बसून जेवलो.

त्यांनी सूप संपवलं, मासे संपवले, वांगी संपवली, पाव संपवला, पाव भिजवायला तेल मागितलं. एकाने भावोजींना विचारलं, "बास, एवढंच? पेपरात तर बरंच लिहिलंय."

भावोजी म्हणाले, "बरंच होतं. तुम्ही यायच्या आधी."

त्यांनी ही गोष्ट मित्रांना सांगितली असणार, कारण आठवडाभर तसेच लोक येत राहिले. एकजण घरून स्वतःचं पातेलं घेऊन आला. दुपारी एकलाच फळा कोरा व्हायचा. वहिनी ताटं वाढत नव्हत्या, भरत होत्या. वांगी भाजायला वेळ लागतो. त्या आठवड्यात पहिल्यांदा मला अर्धं कच्चं वांगं मिळालं. वहिनी विचारायला आल्या नाहीत. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, याचा विचार करत मी ते गिळलं.

गुरुवारी सहलवाल्याचा फोन. भावोजींनी घेतला आणि नंतर नक्कल करून दाखवली: "'आमचे प्रवासी चव घेणारे आहेत हो, पोट भरणारे नाहीत.' मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे आतापर्यंत दोन्ही एकाच तोंडाने करायचे."

वहिनींनी मला चादरीआडून हाक मारली. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. मनगटाला भाजल्याचा चट्टा होता.

"भाऊ, आता काही लिहू नका," त्या म्हणाल्या.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण माझ्या हाताला खाज सुटली होती. ज्याने गाठ मारली त्यालाच ती सुटेल असं वाटत असतं. मी संपादकांचे पाय धरायचे बाकी ठेवले. त्यांना पटलं. अर्धा स्तंभ मिळाला. मी 'बरं' या शब्दावर तीनशे शब्द लिहिले: आमचे वडील, शाळेतला पहिला नंबर, बुटाची नाडी, बिनमिठाचं सूप, अठरा वर्षांचं संभाषण. बायकोने वाचलं. या वेळी तिने काही बदलायला सांगितलं नाही. नाडीपाशी थांबली, "हं," म्हणाली आणि बराच वेळ कागद परत दिला नाही.

शनिवारी संध्याकाळी गादीची जाहिरात आली. गादी आडवी असते, तिला जागा लागते. तीनशे शब्दांतून किती ठेवायचे याचा निर्णय उपसंपादिकेने दिला, आणि मला म्हणावंच लागेल की तिने माझ्या मूळ वाक्यांना हात लावला नाही. फक्त मधली काढली. रविवारी छापलं ते असं:

'या खाणावळीबद्दल गेल्या दोन आठवड्यांत नको ते झालं. प्रस्तुत लेखक तिथे रोज जेवतो. घरच्यांनाही काळजी वाटली. आता बरं आहे.'

साडेसात वाजता पहिला फोन आला, मावसभावाचा.

"पोट कसं आहे रे आता? सलाईन लावली होती का?"

"अरे, मला काही झालेलं नाही."

"हो हो, वाचलं, बरं आहे म्हणून. पण जपून. तुझ्या बायकोला फोन दे जरा."

दुपारपर्यंत अकरा लोकांनी माझ्या पोटाची चौकशी केली. एका काकूंनी मऊ भात पाठवला. मी खाल्ला. करणार काय?

सोमवारी खाणावळीत वजनवाले नव्हते, पातेलंवाला नव्हता. सूपवाल्या दोघांपैकी एकच होता. दुसऱ्याला मुलीने येऊ दिलं नव्हतं. आणि स्वयंपाकघरात आरोग्य खात्याचा निरीक्षक थर्मामीटर घेऊन फिरत होता. त्याने भांडी पाहिली, मोरी पाहिली, वहिनींची नखं पाहिली. डब्यांच्या मागे हात घालून बोट पाहिलं. बोट स्वच्छ निघालं तेव्हा थोडा हिरमुसला. मग टेबलाशी बसून तपासणीचा कागद भरू लागला. मी मान लांब करून पाहिलं. 'स्वच्छता' या शब्दापुढे तीन चौकोन होते: उत्तम, बरी, वाईट. त्याने मधल्यावर खूण केली.

"साहेब," मी म्हणालो, "तुम्हाला काही सापडलं का?"

"काही नाही. इतकं चकचकीत स्वयंपाकघर मी नोकरीत पाहिलं नाही."

"मग उत्तम का नाही?"

"उत्तम?" त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "उत्तम मी माझ्या स्वतःच्या घराला देत नाही. बरी म्हणजे पुष्कळ झालं."

या माणसाला मिठी मारावी असं मला वाटलं. आमच्याच घराण्यातला कुणीतरी हरवलेला. पण तो कागद दर्शनी भागात लावायचा नियम होता. भावोजींनी तो फळ्याशेजारी लावला. 'आज', आणि शेजारी 'बरी'.

त्या आठवड्याच्या शेवटी सहलवाला स्वतः आला. नकार तोंडावर द्यावा, एवढी त्याची रीत होती. पण वेळ जेवणाची होती, आणि जेवणाच्या वेळी आलेल्या माणसाला वहिनी बोलू देत नसत. वांगं आलं. त्याने एक घास घेतला आणि बोलायचं थांबला. दुसरा घेतला.

"अफाट!" तो म्हणाला. "जबरदस्त! कमाल!"

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी चटकन त्याच्या ताटलीकडे हात नेला. भावोजींनी तो वरच्यावर धरला.

"राहू द्या वहिनी," ते हळू म्हणाले. "तो दुसऱ्या घरचा आहे."

सहलवाल्याने बस थांबवायचं कबूल केलं नाही. पेपरात नाव खराब झालेल्या जागी प्रवासी उतरत नाहीत, म्हणाला. पण मोठ्या मळ्यावर त्याच्या भागीदाराचं नवं रेस्तराँ होतं, तिथे स्वयंपाकीण हवी होती. "जागा नको मला. हात हवेत," तो म्हणाला. एक महिना बघायचं, पाहुण्यांचे तारे बघायचे, मग कायम. भावोजींनाही घेऊ.

वहिनींनी त्या महिन्याच्या अखेरीला खाणावळ बंद केली. मी शेवटच्या दिवशी गेलो. फळा पुसलेला होता, 'आज'सुद्धा पुसलं होतं. तिथे अठरा वर्षांच्या खडूची पांढरी सावली राहिली होती.

"दुसरं काय करणार, भाऊ?" त्या म्हणाल्या. "चूल कुठेही पेटते."

चार आठवड्यांनी मी आणि बायको त्या बसने गेलो. पहिल्या मळ्यावर एका तरुणाने प्याल्यात बोटभर लाल वाइन ओतली, प्याला फिरवायला लावला आणि म्हणाला, "ओळखा. जुनं लाकूड. चामडं. आणि मागून किंचित ओली माती."

बायको म्हणाली, "हे सगळं आमच्या माळ्यावर आहे."

दुसऱ्या मळ्यावर तिने वास घेतला नाही, सरळ प्यायली. तिसऱ्यावर मी बाहेरच पाहत होतो. खिडकीतून वेलींच्या रांगा दिसत होत्या, एकसारख्या बांधलेल्या, प्रत्येक रांगेला पाटी.

रेस्तराँ मोठं होतं, पांढरं. मध्ये चादर नव्हती. स्वयंपाकघराला झुलतं दार आणि त्याला बशीएवढी गोल काच. भावोजी आले. गळ्यात काळा बो, हातात चामड्याचं मेनूकार्ड. मला पाहून त्यांचा हात गळ्याशी गेला.

"हसू नका, चवीपुरते."

"हसत नाही."

"मग हसा तरी." ते वाकून मेनू दाखवण्याच्या निमित्ताने पुटपुटले, "परवा महिना भरतोय. आता आणखी एक कार्ड पाचाच्या खाली आलं की वहिनींना नारळ. गेल्या आठवड्यात दोन कार्डं चारची आली. व्यवस्थापक प्रत्येक टेबलाशी स्वतः उभा राहतो."

"वांगं आहे?"

"नाव आहे," भावोजी म्हणाले. "इथे जाळ नाही. काचेची चूल आहे. ती पेटत नाही, नुसती तापते."

वांगं आलं. ताटली सायकलच्या चाकाएवढी, मधोमध वांग्याचा एक गोळा, त्यावर हिरवं पान, भोवती कसल्यातरी तेलाचे सात ठिपके. मी घास घेतला. मीठ नेमकं होतं. लसूण नेमका. मी मान किंचित मागे टाकून वाट पाहिली. मानेमागे काहीच आलं नाही. धूर नव्हता. वांगं उकडलेलं होतं, मऊ, स्वच्छ, आणि त्याला कशाचीच आठवण नव्हती. बायकोने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

गोल काचेत वहिनींचा चेहरा दिसला. डोक्यावर पांढरी टोपी. मग दार झुललं आणि त्या बाहेर आल्या. बाहेर यायची परवानगी नसावी, कारण व्यवस्थापक घाईने टेबलाशी आला. त्याच्या हातात कार्ड होतं, वर छापलेलं 'आपला अनुभव', खाली पाच पोकळ तारे. शेजारी पेन्सिल.

वहिनींनी हात पुसायला पदर शोधला. तिथे एप्रन होता.

"कसं?" त्यांनी विचारलं.

व्यवस्थापकाने कान दिला. कार्ड कोणीही भरो, आकडा तो ऐकून आधीच ठरवी. मी 'बरं' म्हणालो असतो तर त्याने दोन धरले असते, आणि ते खोटंही ठरलं असतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. गप्प बसलो असतो तर वहिनींनी ताटली उचलली असती आणि त्याने ते पाहिलं असतं. मला वडील आठवले. ते असते तर उठून हात धुवायला गेले असते.

"अप्रतिम," मी म्हणालो.

व्यवस्थापक प्रसन्न हसला. "ऐकलंत?" तो वहिनींना म्हणाला. "मोठे लेखक आहेत हे."

वहिनी माझ्याकडे पाहत राहिल्या. कपाळावर आठी आली नाही. ती आली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांचा हात ताटलीपर्यंत आला, कडेला टेकला आणि तिथेच थांबला.

"धूर नाही ना?" त्या हळू म्हणाल्या.

"अप्रतिम आहे, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, तशीच, जशी रोज हलवायच्या, आणि आत गेल्या. झुलतं दार दोनदा हललं आणि स्थिर झालं.

"मग पाचही ना, सर?" व्यवस्थापकाने विचारलं आणि कार्ड माझ्यापुढे सरकवलं. भावोजींनी पेन्सिल दिली. तिचं टोक मोडलेलं होतं. मी एकेक तारा काळा करू लागलो. वेळ लागला. बायको शेजारी बसून माझ्या ताटलीतलं वांगं हळूहळू संपवत होती, म्हणजे परत आत जायला नको.